गाठ कोणती, हे आधी विचारावे

पोटाची सोनोग्राफी ही आता शहरांतीलच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतीलही नित्याची गोष्ट झाली आहे. कोणास मूतखड्याची शंका असते, कोणाची पाळी आठ दिवस पुढे गेलेली असते, कोणाच्या ओटीपोटात कळ येऊन गेलेली असते. तपासणी होते, आणि मूळ तक्रार बाजूला राहून अहवालात एक अनपेक्षित ओळ निघते : उजव्या ओव्हरीत चार सेंटिमीटरची सिस्ट. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशीची असते, पण कागद आजच घरी आलेला असतो. रात्रीची पाने मांडली जाईपर्यंत तो सर्वांच्या नजरेखालून जातो. मग मुलगी लग्नाची असो वा नवी सून असो, घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघतो : ‘मूल होईल ना हो हिला?’

हा प्रश्न विचारणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. घरात पाळणा हलावा ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि मुलीच्या काळजीनेच पुष्कळदा हे शब्द निघतात. आमचे म्हणणे एवढेच की, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न ‘गाठ कोणती?’ हा असावयास पाहिजे. सिस्ट म्हणजे द्रव किंवा मऊ पदार्थ भरलेली पिशवी, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. मराठीत आपण तिला सरसकट गाठ म्हणतो, आणि गाठ म्हटले की लोकांस कर्करोग आठवतो; त्यामुळे निम्मी भीती भाषांतरातच उत्पन्न होते. वस्तुतः बीजांडकोशातील गाठी अनेक जातींच्या असतात, आणि मातृत्वाशी त्यांचा संबंध जातीपरत्वे अगदी निरनिराळा असतो. म्हणून त्या जातींची थोडी ओळख आमच्या वाचकभगिनींस, आणि त्यांच्याबरोबर घरातील पुरुषमंडळींसही, करून द्यावी असे आम्ही योजिले आहे.

दर महिन्यास होणारी पिशवी

बीजांडकोश, म्हणजे डॉक्टर ज्यास ओव्हरी म्हणतात तो अवयव, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक असतो. लांबी सुमारे तीन सेंटिमीटर आणि आकार बदामासारखा. मुलगी जन्मास येते तेव्हा दोन्ही कोशांत मिळून १० ते २० लाख अपक्व बीजे असतात. ती वयात येईपर्यंत त्यांतील ३ ते ४ लाख उरतात, आणि सगळ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती अवघी ४०० ते ५००. दर महिन्यास काही बीजांभोवती पाण्याच्या बारीक पिशव्या फुगू लागतात. त्यांतील बहुधा एकच पुढे सरते, दोन-अडीच सेंटिमीटरांची होते व फुटून आतील बीज बाहेर टाकते. फुटलेल्या पिशवीचा पिवळसर गोळा बनतो, त्यास पीतपिंड म्हणतात. गर्भ राहिला तर पहिले काही आठवडे त्यास आधार देणारे संप्रेरक हाच पिंड पुरवितो. न राहिला तर दोन आठवड्यांत तो आटून जातो.

या पिशव्यांचे वर्णन डच वैद्य द ग्राफ याने १६७२ साली केले. त्यानंतर कितीएक वर्षे या पिशव्या म्हणजेच बीजे, असा समज चालत आला. खरे बीज पिशवीच्या आत असते आणि ते फार सूक्ष्म असते, हे कार्ल फॉन बेअर या शास्त्रज्ञाने १८२७ साली कुत्रीच्या बीजांडकोशात प्रत्यक्ष पाहिले. तात्पर्य, पाण्याची पिशवी तयार होणे हे बीजांडकोशाचे दुखणे नसून त्याचे नित्याचे कामकाज होय.

आता एखाद्या महिन्यात ही पिशवी वेळेवर फुटत नाही व फुगतच राहते, किंवा पीतपिंडात थोडे रक्त साचते. पिशवी तीन सेंटिमीटरांहून मोठी झाली म्हणजे तिला सिस्ट हे नाव मिळते. पाळी चालू असलेल्या वयात सर्वांत अधिक आढळणारी गाठ हीच. ती बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरून जाते. तिने वंध्यत्व येत नाही. उलट, बीजांडकोश काम करीत आहे याचीच ती बहुधा खूण असते. अशा वेळी डॉक्टर ६ ते १२ आठवड्यांनी, शक्यतो पाळी संपताच, पुन्हा सोनोग्राफी करावयास सांगतात. ‘डॉक्टरांनी काहीच औषध दिले नाही’ अशी तक्रार घरोघर ऐकू येते. पण येथे वाट पाहणे हाच उपचार आहे. संततिप्रतिबंधक गोळ्यांनी अशी गाठ लवकर विरते असा पूर्वी समज होता. तुलनात्मक परीक्षणांत तो खरा ठरला नाही. गाठ विरविणाऱ्या चूर्णांची व काढ्यांची ख्याती कशी होते, हेही यावरून ध्यानात येईल. गाठ आपल्या गतीने विरते, आणि त्या दोन महिन्यांत जे काही पोटात घेतलेले असते त्यास श्रेय मिळते.

एक सूचना मात्र येथेच केली पाहिजे. हे सर्व पाळी चालू असलेल्या स्त्रियांसंबंधाने झाले. पाळी गेल्यानंतर आढळणारी गाठ ही निराळी बाब आहे. त्या वयात कर्करोगाची शक्यता वाढते. म्हणून घरातील आजींच्या अहवालात सिस्ट निघाल्यास, सुनेची गाठ विरली त्या दाखल्यावर विसंबून न राहता नीट चौकशी करून घ्यावी.

न विरणाऱ्या गाठी

सर्वच गाठी आपण होऊन जात नाहीत. एका जातीस डर्मॉइड म्हणतात. तिच्यात चरबी, केस, क्वचित दातही सापडतात. हे ऐकून पुष्कळांच्या अंगावर काटा येतो, आणि करणी-बाधेच्या कथा त्यातूनच निघतात. खरे कारण इतकेच की, ज्या बीजपेशीत शरीराचे सर्व भाग घडविण्याचे सामर्थ्य असते, ती बीजांडकोशातच वाढू लागते. ही गाठ सावकाश वाढते, बहुतेक निरुपद्रवी असते आणि गर्भधारणेच्या आड सहसा येत नाही. तिचा खरा धोका पिळाचा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुसरी जात ‘चॉकलेट सिस्ट’ या गोड नावाची, पण स्वभावाने कडू. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखा पदार्थ बीजांडकोशात वाढतो, त्यात रक्त साचून जुने होते व काकवीसारखे दाट, काळपट दिसते. अमेरिकेतील जॉन सॅम्पसन या शस्त्रवैद्याने १९२१ साली या गाठींचे सविस्तर वर्णन केले. ज्या रोगाचा हा एक प्रकार, त्यास एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. जननक्षम वयाच्या स्त्रियांत सुमारे दहांत एकीस तो असतो. पाळीच्या दिवसांत अंथरुणास खिळविणाऱ्या वेदना हे त्याचे मुख्य लक्षण. मातृत्वाच्या दृष्टीने ही गाठ महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे आतील अवयव एकमेकांस चिकटतात, बीजवाहिनीचा मार्ग अडतो आणि बीजांचा साठाही घटू शकतो. तथापि हा रोग असलेल्या पुष्कळ स्त्रियांस निसर्गतः मुले होतात, हेही तितकेच खरे आहे. येथे आमच्या घरांतील एका जुन्या रीतीवर बोट ठेवणे भाग आहे. मुलगी पाळीत कळवळते तेव्हा ‘बाईच्या जातीला हे सोसावेच लागते’, ‘लग्न झाले की कमी होईल’, ‘एक मूल झाले की सारे ठीक होईल’ असे सांगून तिला गप्प केले जाते. लग्न हा या रोगावरील उपाय नव्हे आणि बाळंतपणाने तो समूळ जात नाही. या समजुतीत वर्षे जातात, आणि पुढे मूल होत नाही म्हणून तपासणी होते तेव्हा तोच रोग वाढलेला आढळतो.

तिसरा प्रकार सर्वांच्या तोंडी असलेला : पीसीओएस, म्हणजे ‘अनेक गाठींचा बीजांडकोश’. शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या हकिकतींवरून त्याचे वर्णन केले. या नावाने जितका घोटाळा केला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही नावाने केला नसेल. सोनोग्राफीत माळेच्या मण्यांसारखे जे ठिपके दिसतात, त्या गाठी नव्हतच. त्या वाढ अर्धवट थांबलेल्या, बीज धारण करणाऱ्या बारीक पिशव्या आहेत. त्या काढावयाच्या नसतात. मूळ बिघाड संप्रेरकांचा असतो. त्यामुळे पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरमे उठतात, आणि मधुमेहाचाही संभव वाढतो. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या नियमानुसार तीनपैकी दोन लक्षणे असली तरच निदान करावयाचे. केवळ चित्रावरून नव्हे. नुकत्याच वयात आलेल्या मुलींत तर असे ठिपके निरोगीपणीही दिसतात. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत, पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे सांगितले आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीस असा अहवाल दाखवून ‘तुला पुढे मूल होणे कठीण’ असे म्हणणे आम्ही निष्ठुरपणाचे समजतो. शास्त्राचा त्यास मुळीच आधार नाही.

पीसीओएसमध्ये बीजांची वाण नसते. ती वेळेवर बाहेर पडत नाहीत एवढीच अडचण असते, आणि तिच्यावर उपाय आहेत. स्थूल स्त्रीचे वजन शेकडा पाच-दहा इतके उतरले तरी कित्येकींची पाळी नियमित होऊ लागते. तेवढ्याने न भागल्यास बीज बाहेर पडण्यासाठी गोळ्या असतात. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात, लेट्रोझोल हे औषध घेतलेल्यांपैकी शेकडा २७.५ जणींस आणि जुने क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी शेकडा १९.१ जणींस पाच महिन्यांपर्यंतच्या उपचारानंतर जिवंत मूल झाले. यानेही साधले नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हाताखाली १९८६ साली शरीराबाहेर फलन झालेले मूल जन्मले, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. फार थोड्या जणींस तेथवर जावे लागते.

शस्त्र केव्हा, आणि केव्हा नाही

बीजांडकोशाच्या गाठीवरील शस्त्रक्रियेचा आरंभ मोठ्या धैर्याने झाला. १८०९ च्या डिसेंबरात अमेरिकेतील केंटकी प्रांतात डॅनव्हिल या गावी एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टराने जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या स्त्रीच्या पोटातून सुमारे १० किलो वजनाची गाठ काढली. तिच्या पोटात जुळी मुले आहेत अशी आधी समजूत झाली होती. भूल देण्याची विद्या तेव्हा निघालेली नव्हती. साठ मैल घोड्यावरून आलेली ती बाई त्यातून वाचली आणि पुढे ३२ वर्षे जगली. त्या काळी गाठीचे खरे स्वरूप पोट उघडल्यावाचून कळत नसे. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी सोनोग्राफीवरचा आपला पहिला मोठा निबंध १९५८ साली प्रसिद्ध केला. त्यात जठराचा असाध्य कर्करोग ठरलेल्या एका स्त्रीची हकिकत आहे. या यंत्राने ती बीजांडकोशाची पाणीदार गाठ असल्याचे दिसले, ती काढण्यात आली आणि बाई बरी झाली. ज्या यंत्राच्या अहवालाने आज आपली घरे हादरतात, त्याने आरंभी अशी भीती दूर केली होती, याचे स्मरण ठेवावे.

आज प्रश्न उलट झाला आहे. बहुतेक गाठी दुर्बिणीतून काढता येतात. म्हणून ‘एकदाची काढून टाका’ असा आग्रह घरूनच होतो. पण बीजांडकोशावर शस्त्र चालते तेव्हा गाठीच्या भिंतीबरोबर काही निरोगी भाग व त्यातील बीजेही जातात. चॉकलेट सिस्टच्या बाबतीत हे विशेष घडते. दोन्ही बाजूंस शस्त्रक्रिया झाल्यास साठा बराच घटतो. म्हणूनच युरोपातील तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत, टेस्ट-ट्यूब उपचारापूर्वी केवळ यश वाढावे म्हणून अशी गाठ सरसकट काढू नये, असा सल्ला आहे. वेदना असह्य असतील, गाठ फार मोठी असेल, तिच्यात घन भाग दिसत असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल, तर शस्त्रक्रिया करणेच योग्य. सीए-१२५ या रक्ततपासणीचा आकडा वाढलेला पाहून तरुण स्त्रीने मात्र लगेच घाबरून जाऊ नये. पाळीत, चॉकलेट सिस्टमध्ये व गर्भाशयाच्या साध्या गाठींतही तो वाढतो.

वेळ न दवडण्याचा प्रसंग एक आहे, तो पिळाचा. गाठीच्या भाराने बीजांडकोश आपल्या देठावर पिळवटतो व त्याचा रक्तपुरवठा तुटतो. ओटीपोटात एका बाजूस एकाएकी भयंकर कळ येते, बहुधा उलट्याही होतात. अशा रात्री ओवा, शेक व वेदनाशामक गोळी यांत वेळ घालवू नये. तडक रुग्णालय गाठावे. काही तासांत पीळ सोडविला तर बीजांडकोश वाचतो, आणि तो काळवंडलेला दिसला तरी पुष्कळदा पुन्हा सजीव होतो. समजा, एक बीजांडकोश काढावाच लागला, तरी धीर सोडण्याचे कारण नाही. दुसरा निरोगी असल्यास तो दर महिन्याचे काम चालवितो, आणि एका बाजूचे बीज दुसऱ्या बाजूच्या बीजवाहिनीत गेल्याचेही आढळले आहे.

घरातील माणसांनी काय करावे

औषधापेक्षा घरच्यांचे वागणे कधी कधी अधिक बरे करते, कधी अधिक दुखविते. एकत्र कुटुंबात गुप्त काही राहत नाही हे खरे; तरी सुनेच्या पोटातील गाठीची वार्ता हळदीकुंकवात फिरावी, हे उचित नव्हे. अहवाल ज्या मुलीचा, त्याविषयी कोणास काय सांगावे हे तिने ठरवावे. मुंबईस १८८६ साली केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय उघडले आणि ते डॉ. ईडिथ पेची या स्त्री-डॉक्टरच्या हाती सोपविले गेले. दुखणे सांगावयास संकोच वाटू नये, हा त्यातला एक मुख्य हेतू होता. तेव्हा लाज परपुरुषाची होती. आता घरच्या चर्चेची आहे.

वधूपरीक्षेच्या वेळी हे सांगावे काय, असा प्रश्न पुष्कळ आयांस पडतो. आमचे मत असे : येऊन गेलेली साधी गाठ ही गेल्या वर्षीच्या तापासारखी समजावी; ती सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु चॉकलेट सिस्ट किंवा पीसीओएससारखे टिकून राहणारे निदान असेल, तर मुलीने स्वतः मुलास, मध्यस्थांवाचून, स्पष्ट सांगावे. लपविलेली गोष्ट पुढे उघडकीस येते तेव्हा दुखण्यापेक्षा लपवणुकीचाच बभ्रा अधिक होतो. आणि हाच नियम वरपक्षासही लागू असावा. आपले दुखणे त्यांनीही सांगावे.

कारण मूल न होण्याचे कारण अर्ध्याअधिक प्रमाणात स्त्रीकडेच असते, हा समज टिकत नाही. निम्म्याच्या जवळपास जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा एक कारण असते. वीर्यतपासणी सोपी, बिनवेदनेची व स्वस्त आहे. ती न करता सुनेची तिसरी सोनोग्राफी करविणारी घरे सुशिक्षित म्हणवून घेतात, याचा आम्हांस विषाद वाटतो. एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनी, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. पाळी फार अनियमित असेल किंवा चॉकलेट सिस्ट माहीत असेल, तर तितकेही थांबू नये.

डॉक्टरांपुढे बसल्यावर चार गोष्टी अवश्य विचाराव्यात : ही गाठ कोणत्या जातीची दिसते? आपोआप जाण्याजोगी आहे काय, आणि पुन्हा केव्हा पाहावयाचे? काढली नाही तर काय होईल, व काढली तर बीजांच्या साठ्यावर काय परिणाम होईल? कोणती लक्षणे दिसताच तात्काळ यावे? प्रश्न शक्यतो ज्या मुलीचे दुखणे तिने विचारावेत. सासूबाईंनी किंवा आईने शेजारी बसून ऐकावे. उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत, म्हणजे घरी परतल्यावर प्रत्येकाच्या ऐकण्यात फरक पडत नाही.

इतके झाल्यावर ‘मूल होईल ना?’ हा प्रश्न खुशाल विचारावा. बहुतेक घरांस त्याचे उत्तर सुखाचे मिळेल. थोड्यांस उपचाराची वाट धरावी लागेल, आणि अगदी थोड्यांच्या वाट्यास नकार येईल. त्या नकाराच्या दिवशीही ती मुलगी त्या घरची तितकीच असावी, अशी आमची आमच्या वाचककुटुंबांकडून अपेक्षा आहे.